चिपमंक सगळ्यांना दिसला

बोलणाऱ्या माणसाचे किस्से सांगून सांगून संपतात, गप्प बसणाऱ्याचे साठत जातात. लग्न होऊन मी मिनेसोटात, ईडन प्रेरीला आले तेव्हा पहिले सहा महिने इतकी गप्प होते, की रविवारच्या ग्रुपचे किस्से माझ्याकडे ढिगाने जमले. त्यातले हे थोडे. प्राणी एकच, माणसं आम्ही पाच.

ग्रुपचे प्रमुख दातारकाका. इथे वीस वर्षं राहिलेले इंजिनिअर. गळ्यात दुर्बीण, खिशात वही. नव्या मराठी माणसाला ते तीन गोष्टी मिळवून देत: सोशल सिक्युरिटी नंबर, थंडीचा कोट आणि चिपमंक.

"चिपमंक म्हणजे खार नव्हे!" पहिल्याच रविवारी पार्कात त्यांनी मला बजावलं. "इथे गवतात एक पट्टेवाली ग्राउंड स्क्विरल फिरते, तीही चिपमंक नव्हे. पाठीच्या पट्ट्यांवर जायचं नाही. चेहरा बघायचा! गालावर पट्टे असले तरच चिपमंक."

दातारकाकू थर्मास उघडत म्हणाल्या, "आपल्या खारीला रामाने तीन बोटं लावली. ह्याच्या पाठीवर पाच पट्टे. अमेरिकेत सगळं एक्स्ट्राच!"

*

त्याच दिवशी काकांनी झाडीकडे बोट दाखवलं. "तो बघा! दगडाच्या डावीकडे!"

"दिसला, दिसला!" नागपूरचे डॉक्टर बोकारे म्हणाले.

"किती गोड!" काकू म्हणाल्या. त्या तेव्हा डब्यातली चटणी शोधत होत्या.

"दिसला," आमचे हे म्हणाले.

मी नीट बघितलं. दगडाच्या डावीकडे दुसरा दगड होता.

"मला नाही दिसला," मी म्हणाले. महिन्याभरात मी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. सगळे माझ्याकडे असे वळले, जणू आरती चालू असताना मी शिंकले.

काकांनी वही काढून लिहिलं: 'चिपमंक, एक. सर्वांनी पाहिला. सौ. वृंदा सोडून.'

*

डॉक्टर बोकारे भूल देणारे डॉक्टर. त्यामुळे आवाज न करता जवळ जाण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं त्यांचं मत. एकदा त्यांना हिरवळीच्या पार टोकाला तपकिरी काहीतरी दिसलं. हातात शेंगदाणा घेऊन ते पोटावर सरपटत निघाले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काका दुर्बिणीतून धावतं वर्णन करत होते. "हलला! गाल हलले! पट्टे आहेत!"

मी काकूंच्या कानात म्हटलं, "काकू, तो हातमोजा आहे."

"असं म्हणू नये गं. केवढे सरपटताहेत!"

डॉक्टर त्याच्यापासून दोन हातांवर पोचले आणि हिरवळीचे फवारे चालू झाले! भिजून परत आले तेव्हा त्यांच्या हातात हातमोजा होता. डाव्या हाताचा.

काकांनी लिहिलं: 'चिपमंक निसटला.'

*

आमचे हे मात्र फार काळजी घेणारे. गाडीत बसलो की म्हणत, "पाट्या मोठ्याने वाच बघू. तुझं इंग्लिश पक्कं होईल."

मग मी वाचत राही. एक्झिटचे नंबर, गावांची नावं, 'लेन एंड्स', 'यील्ड'. काकूंना याचं भारी कौतुक. "बायकोला कसं शिकवतो बघा! नाहीतर तुम्ही!" असं त्यांनी काकांना ऐकवलंही.

एकदा मला झोप लागली आणि आम्ही पार्काऐवजी शेजारच्या राज्यात, विस्कॉन्सिनात पोचलो. हे म्हणाले, "बघ, सराव चुकवलास!"

*

तिसऱ्या रविवारीही मला चिपमंक दिसला नाही. तेव्हा काकूंनी मला बाजूला घेतलं.

"खरं सांग हं. लग्नाआधी चष्मा होता का गं?"

"नाही हो काकू."

"असला तरी बिघडत नाही. फक्त सांगायला हवं होतं."

हे वाक्य कसं प्रवास करत गेलं, कोण जाणे. इथेच अमेरिकेत, पार्सिपनीला असलेल्या माझ्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, भाजी चिरताना जपा हं." मग पंधरा दिवसांनी नाशिकहून सासूबाईंचं ह्यांना पत्र. 'चि. विलास, सूनबाईंची दृष्टी अधू असल्याचं कानावर आलं. साताऱ्याच्या मंडळींनी आपल्याला अंधारात ठेवलं म्हणायचं. दसऱ्यानंतर मी स्वतः जाऊन तिच्या वडिलांना विचारणार आहे.'

अंधारात ठेवलं! माझे बाबा साताऱ्यात शाळामास्तर. आयुष्यात कोणाचा खडूसुद्धा घरी आणला नाही त्यांनी. तो माणूस दारात उभ्या विहिणीला काय सांगणार? की माझ्या मुलीने अमेरिकेत दगडाला दगड म्हटलं?

तसं पाहिलं तर कांदेपोह्यांच्या दिवशी आमच्या बैठकीत अंधार मुळीच नव्हता. शंभरचा बल्ब लावला होता. पोहे मी दिले, चहाचा ट्रे माझ्या मावसबहिणीने, सुधाने आणला. हे पार टोकाला, खुर्चीत. सगळा वेळ मान खाली. आई नंतर म्हणाली, "अमेरिकेत राहूनही किती मर्यादाशील मुलगा!" घरी जाताना मोठ्या दिरांनी जिन्यातच ह्यांना विचारलं, "दिसली ना नीट?"

"दिसली," हे म्हणाले. ते अर्ध्या जिन्यातलं उत्तर आमच्या घरात सगळ्यांनी ऐकलं. त्या एका शब्दावर माझं लग्न ठरलं.

*

आता एक कबुली. चिपमंक मला रोज दिसत होता.

आमच्या अपार्टमेंटच्या मागच्या पायरीवर मी सकाळी अकराच्या सुमारास कुटासाठी शेंगदाणे निवडत बसायची. पायरीशेजारच्या दगडी कठड्यातून तो यायचा, शेपूट उभी करून. गालावर पट्टे, अगदी काकांच्या नियमाप्रमाणे. माझ्या चपलेपाशी बसून दोन्ही गालांत शेंगदाणे भरायचा. एकदा मी मोजले, नऊ! गाल भरले की सासरी निघालेल्या मुलीसारखा मागे वळून न बघता पळायचा.

त्याला शोधण्याची रीत अगदी सोपी होती. गप्प बसायचं. आमच्या ग्रुपला तेवढंच जमणारं नव्हतं.

मी कोणाला सांगितलं नाही. हातमोजा दिसला तेव्हा कोणी ऐकलं होतं?

*

पत्राला उत्तर द्यायचं तर पुरावा हवा. म्हणून हे मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. वाटेत पाट्या मी वाचल्या.

समोरच्या तक्त्यावरची अक्षरं मी वरपासून खालपर्यंत वाचली. मग अगदी तळाशी छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. डॉक्टर म्हातारे होते, हसले. म्हणाले, "एवढं मलासुद्धा दिसत नाही."

ह्यांना राहवलं नाही. "त्यात काय आहे? मीही वाचतो," म्हणत खुर्चीत बसले आणि खालची ओळ धडाधड म्हणून दाखवली. एकही अक्षर चुकलं नाही. अगदी मी म्हटली होती तशीच!

हे बसेपर्यंत डॉक्टरांनी तक्ता बदलला होता.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, "गाडी कोण चालवतं?"

"हे."

"आणि पाट्या?"

"मी वाचते."

डॉक्टर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले.

*

आठवड्याने चष्मा आला. जाड, काळ्या काड्यांचा. शनिवारी सकाळी हे मागच्या पायरीवर सासूबाईंना पत्र लिहायला बसले. मी शेजारी शेंगदाणे घेऊन. ह्यांनी मला वाचून दाखवलं, "'ती. आईस सा. न. वि. वि. वृंदाची दृष्टी उत्तम आहे. साताऱ्याला जाऊ नकोस. डॉक्टरांना दोष माझ्याच...'"

तेवढ्यात कठड्यातून तो आला. मी ह्यांच्या हातावर हात ठेवला. बोलू नका, अशी खूण केली.

हे बघतच राहिले. गाल भरून तो गेल्यावर कुजबुजले, "अगं, चेहऱ्यावर खरंच पट्टे आहेत!"

"म्हणजे इतके रविवार तुम्हाला..."

"कधीच नाही! सगळे म्हणायचे दिसला, मीही म्हणायचो दिसला. आपणच एकटे कशाला वेगळं बोला?" इतक्या मोकळेपणाने हे कधी हसले नव्हते. मलाही हसू आलं.

आणि हसता हसता, सहा महिन्यांत मी पहिल्यांदाच ह्यांना स्वतःबद्दलचा प्रश्न विचारला. "मग आमच्या घरी बघायला आलात तेव्हा?"

"छे! तेव्हा अगदी स्पष्ट दिसली होतीस," हे ठामपणे म्हणाले. "निळी साडी. आणि चहाचा ट्रे काय सुरेख धरला होतास!"

मी एक शेंगदाणा निवडला. मग दुसरा.

"मी पोहे आणले होते," मी म्हणाले.

ह्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होते.