डाक्टरचा शब्द आणि माझी हरळी

रामटेके कंपाउंडर मैदानात शिरला की आधी चपला काढायचा. मधोमध उभा राहून टाच मातीत दाबायचा, खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा आणि टप्पे मोजायचा. मग गवताची एक काडी दातात धरून मला निकाल द्यायचा, "आज बॉल झोपून राहिला, मारोती. पास जोरानं द्या लागन." त्याचा निकाल चुकलेला मी पाहिला नाही. हे कबूल करणं मला जड जातं, पण लिहायला बसलो तर खरं लिहावं.

आंधळगावच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या ढोरांच्या दवाखान्यात तो कंपाउंडर होता. खरा डाक्टर आठवड्यातून एकदा सही करायला यायचा, म्हणून गावानं यालाच डाक्टर केलं. सकाळी बैल पाहायचा, संध्याकाळी आमची फुटबॉलची टीम. दोन्हीकडे हात एकच. कोणाचा पाय मुरगळला की बैलाचा धरावा तसा तो काखेत धरायचा आणि म्हणायचा, "हालू नको बे, लाथ मारशीन त दावणीले बांधीन." गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा लोक म्हणाले, आता तिकडच्या टीमशी सामने कसे? तो म्हणाला, "जिल्हा तुटला, बॉलले कोनी सांगितलं?" आणि सामने चालू राहिले.

मी चौथीपर्यंत शिकलो. तरणेपणी गोलकीपर होतो, नंतर मैदान सांभाळलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. धानाच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, हरळी मी टोपल्यानं आणली आणि दोन पावसाळे लावली. शेतकरी जी उपटून फेकतो तिला हा पाणी घालतो, म्हणून गाव हसलं. पुढे तसं मैदान आसपास कुठं नव्हतं. ही फुशारकी नाही, होतं ते सांगतो.

एका वर्षी सरपंचानं खबर आणली की योजनेतून आपल्या मैदानावर प्लास्टिकचं गवत बसू शकतं. हरळी खोदून काढायची. ग्रामसभेत अर्धे हो म्हणाले, अर्धे नाही. शेवटी ठरलं की मे महिन्यात आपली टीम नागपूरला तसल्याच मैदानावर खेळायला जाणार आहे, डाक्टरनं खेळवून पाहावं आणि तो म्हणेल ते करावं. माझी वीस वर्षांची हरळी त्याच्या जिभेवर येऊन टांगली. मी थेट त्याच्या घरी गेलो.

"डाक्टर, खराब हाये म्हणून सांगजो."

"काहून?"

"मी म्हणतो म्हणून."

"पाह्यल्याबिगर मी ढोराले सुई देत नाई. गवताले देऊ?"

तो आधी एकटाच नागपूरला जाऊन ते मैदान पाहून आला. परत आल्यावर त्यानं बूट झटकले तर काळे दाणे पडले. "टायरचा चुरा," तो म्हणाला. "मातीच्या जागी हे टाकतात. आपल्या गवतावर बॉल थकते, तिथं थकतच नाई. आपल्या पोट्ट्यायचे पास सारे बाहीर जातीन." सरावासाठी हरळी मुळापर्यंत कापून वरून रोलर फिरवू, असं त्यानं सुचवलं. मी मैदानात मधोमध जाऊन बसलो. "पहिले माया मुंडक्यावरून फिरव."

तो हसला. मग टीमसमोरच म्हणाला, "बरं, तुया खळा दे." उन्हाळी धानाची मळणी चालू होती आणि माझं खळं शेणानं सारवून थाळीसारखं गुळगुळीत केलं होतं. चारचौघांत मागितल्यावर नाही कसं म्हणणार? पहिल्या दिवशी प्रत्येक चेंडू सरपटत जाऊन धानाच्या पुंजण्यात घुसला. पेंढ्या विस्कटल्या तशी माझी बायको धावत आली.

"डाक्टर, धान मळून राहिले का खेळून राहिले?"

"दोनी, वहिनी. मजुरी वाचली तुमची!"

आठ दिवसांत पोरांचे पाय मऊ झाले. "बॉल हाकलू नका," तो सांगायचा, "पाहुण्याले पाट द्या तसा समोर ठेवा."

नागपूरचा सामना भर दुपारी होता. डाक्टरनं सवयीनं चपला काढल्या आणि आत निघाला. तिसऱ्या पावलाला तो उडाला. "अगागा! मारोती, तवा हाये हा, भाकरी आन!" मी इतका हसलो की कडेला खालीच बसलो, आणि बसलो त्याहून लवकर उठलो.

पहिल्या अर्ध्यात आमचा सुनील आपल्या हरळीवर घसरतो तसा घसरला. गावात तो हिरवा होऊन उठायचा, इथं लाल होऊन उठला. मांडीची साल निघाली. वर एक गोल खाल्ला. मध्यंतरात डाक्टर ओरडला, "खळ्यात कोनी लोळते का बे? उभ्यानं खेळा!" मग जे झालं ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. चेंडू दोरी लावल्यासारखा एका पायातून दुसऱ्या पायात जात होता. दोन गोल झाले, आम्ही जिंकलो. पोरांनी डाक्टरला उचललं. मी टाळ्या वाजवल्या, पण दोनच. माझ्या हरळीवर चेंडू इतका सरळ कधी गेला नव्हता.

बसमध्ये तो म्हणाला, "तोंड पाडून काहून बसला? जितलो ना."

"तुमी जितले," मी म्हणालो.

ग्रामसभेत डाक्टर उभा राहिला. "लबाड बोलत नाई. मैदान चांगलं हाये. बॉल इमानदार चालते. पावसात चिखल नाई." माझे कान तापले. मी उठून जाणारच होतो. "पन हरळी मेली त मारोती धुऱ्यावरून आनते. ते प्लास्टिक झिजल्यावर कोन्या धुऱ्यावरून आनता, सरपंच? अन् आपल्या पोट्ट्यायपाशी बूट अर्ध्यायकडेच. बाकीचे उघड्या पायानं खेळतात. त्यायले तव्यावर घालता?" हात वर झाले. हरळी राहिली.

बाहेर आल्यावर मी छाती काढून म्हणालो, "मी त पहिलेच सांगितलं होतं."

तो थांबला. "तू नाई जितला बे. तलावातली माती तू उजव्या कोपऱ्यात टाकली, तवापासून तिथं उंचवटा हाये. बॉल वळते. तेवढं सपाट कर."

"मैदान मायं. खेळणाऱ्यानं शिकावं."

त्यानंतर तो भेटला की विचारायचा, "केलं का?" मी म्हणायचो, नाही. रिटायर होऊन तो आसगावला आपल्या गावी गेला. तिथून कोणी येणारा असला की त्याच्याजवळ निरोप असायचाच, कोपरा केला का? मी उलटा निरोप धाडायचो, मरेपर्यंत करणार नाही.

मग एक दिवस वेगळा निरोप आला. मी आसगावला जाऊन त्याला स्मशानात पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेतलं आणि उजव्या कोपऱ्याची हरळी उचलून बाजूला ठेवली. तीन दिवस माती ओढली, पुन्हा हरळी बसवली. तो असता तर केलं नसतं. माणूस समोर असताना हार मानणं मला जमत नाही.

आता त्या कोपऱ्यात चेंडू सरळ जातो. कोणी विचारलं तर मी सांगतो, पावसानं माती बसली.