डावा हत्ती

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली, पुढं पेन धरलं ते किराणाच्या यादीपुरतं. हे कुणाला दाखवायचं का, तेही ठरलेलं नाही. पण दादाला जाऊन दीड महिना होत आला आणि माझा जीव एका जागी बसत नाही. भाकरी थापता थापता उठते, ओसरीवर जाऊन भिंतीकडं बघते, परत येते, तोवर तव्यातली करपलेली असते. म्हणून लिहायला घेतलं.

निरोप आला तेव्हा मी इथं सासरी, राहू गावात, आमच्या कांद्याच्या वाफ्यात खुरपत होते. कारेगावहून वहिनीचा फोन. "वन्सं, ह्यांनी सकाळचा चहा घेतला आन् खुर्चीतच…" त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगायची लाज वाटते. मनात आलं, डावा हत्ती राहिला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ सोपान. पाबळच्या बाजूला आमचं माहेर. तिथं तो लग्नघरं रंगवायचा. भिंतीला चुना, दारावर गणपती, नवरानवरीची नावं आणि दाराच्या दोन्ही अंगांना सोंड वर केलेला एकेक हत्ती. हत्तींची तोंडं दाराकडं पाहिजेत. लक्ष्मी घरात आणायची असते, बाहेर घालवायची नसते. हत्तीचा त्याच्याकडं एक खाका होता. जाड कागदावर चित्र आणि चित्राच्या रेघांवर सुईनं पाडलेली भोकं. कागद भिंतीला लावायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची, की भिंतीवर ठिपक्यांचा हत्ती उमटतो. एका अंगाला कागद सुलटा लावायचा, दुसऱ्या अंगाला उलटा, म्हणजे दोन्ही हत्ती एकमेकांकडं बघतात. पुरचुंडी थोपटायचं काम माझं. शाळा सुटल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही ते त्या पुरचुंडीमुळं. दादा म्हणायचा, "कमळे, तुझा हात हलका हाय."

मी बारा-तेरा वर्षांची असेन. गावातल्या आप्पांच्या थोरल्या मुलाचं लग्न. हळद दुसऱ्या दिवशी, आणि निळा रंग संपला म्हणून दादा शिरूरला गेला. जाताना म्हणाला, "मी येस्तोवर हात लावू नको." मी लावला. त्याला चकित करायचं होतं. खाका लावला, थोपटला, वर अंगाचा करडा रंगसुद्धा भरून टाकला. दोन्ही हत्ती झाल्यावर लांब जाऊन बघितलं. सुलट्या जागी उलटा, उलट्या जागी सुलटा… दोन्ही हत्ती दाराला पाठ करून चालले होते.

दादा आला, बघितलं. चुना मारून, वाळवून पुन्हा काढायला वेळ नव्हता. त्यानं झुली रंगवल्या, डोळे काढले. तेवढ्यात आप्पा बाहेर आले. "कुणी काढलं रं हे?"

"म्या," दादा म्हणाला.

मी त्याच्या मागं उभी होते. कोळशानं काळे झालेले हात परकराच्या घोळात लपवले आणि गप्प राहिले.

महिन्याभरात आप्पांची सून माहेरी गेली ती आलीच नाही. त्या दोघांत काय झालं ते त्यांनाच ठाऊक, पण गावाला कारण सापडलं. सोपाननं लक्ष्मी भाईर काढली. पुढच्या हंगामात दादाला एकही भिंत मिळाली नाही. रंगांची पत्र्याची पेटी माळ्यावर टाकून तो कारेगावला कंपनीत लागला आणि तीस वर्षं खोकी बांधली. पुढं फ्लेक्स आले तेव्हा त्याला सांगायला बरं कारण मिळालं. "फ्लेक्सनं पेंटर खाल्लं," असं हसून सांगायचा. मी समोर असले तर माझ्याकडं बघायचा नाही. मीही ब्रश धरला नाही. दारात रांगोळीसुद्धा चार ठिपक्यांच्या वर काढली नाही.

यंदा माझ्या लेकीचं, रूपालीचं लग्न ठरलं. मंडपात फ्लेक्स कसला लावायचा यावर बोलणं चाललं होतं. दादा रिटायर होऊन घरीच होता, भेटायला आला होता. एकदम म्हणाला, "भाचीच्या दारात फ्लेक्स? भित काय मेली का?" चार दिवसांनी तीच पत्र्याची पेटी घेऊन एसटीनं आला.

पण हात चालेना. उजव्या अंगाला खाका थोपटला, रेघ ओढली, पुसली. तीनदा हत्ती काढला, तीनदा त्यावर चुना मारला. जेवताना उठून भिंतीपाशी जायचा. आमच्या ह्यांनी चेष्टा केली, "पाव्हणं, हत्ती हाय का रेडकू?" दादा म्हणाला, "तुमी आधी चुना आना. वाद मागनं घालू." मग मला हळूच म्हणाला, "हात इसारला न्हाई गं. डोळं भित्यात." पाचव्या दिवशी रेघ वळली. कानाची कड एका दमात उतरली, तेव्हा त्यानं ब्रश तोंडात धरून दोन्ही हात पँटला पुसले, तरुणपणी पुसायचा तसेच.

उजवा हत्ती झाल्यावर खाका आणि पुरचुंडी माझ्यापुढं ठेवली. "डावा तुझा."

"मला न्हाई जमायचं, दादा."

"मी घरी जाऊन येतो दोन दिसांत. तवर काढून ठेव. ह्या बारीला हात लाव म्हंतोय मी."

एवढंच. त्या जुन्या गोष्टीबद्दल आम्ही दोघं आयुष्यात बोललो ते एवढंच. मी दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला.

नंतर बारा दिवस डावी भिंत तशीच पांढरी. हे म्हणाले, तिथं फ्लेक्स लावू. मी नको म्हणाले, पण काढतही नव्हते. खाका लावायचे, काढायचे. उलटा की सुलटा… दाराकडं दहादा बघायचे. शेवटी थोपटलं. रेघ कापरी आली. पुसली नाही, तिच्यावरूनच पुढं गेले. लग्नाच्या सकाळी डोळा भरायचा राहिला होता, तो हिरवी साडी नेसून भरला.

माहेरची माणसं आली. आप्पाही आले, आता काठी घेऊन चालतात. दारात थांबून त्यांनी दोन्ही हत्ती नीट बघितले. भोवती पंधरा-वीस माणसं. "सोपाननं जाताना का हुईना, तोंडं आत केली बरं का," ते म्हणाले. दोघं-तिघं हसले.

मी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी पुढं झाले. "आप्पा, तुमच्या भितीवरचं हत्ती दादानं न्हाई काढलं. त्यो शिरूरला गेल्ता. म्या काढलं व्हतं."

आप्पा म्हणाले, "मंग त्यो तवा का बोलला न्हाई?"

"त्यो बोलणार नव्हता. बोलायचं माझं व्हतं."

आप्पांनी काठीचं टोक डाव्या हत्तीकडं केलं. "आन् ह्यो?"

"ह्यो बी माझाच," मी म्हणाले. बोटांना काळा रंग होता. हात पदराखाली घेतले नाहीत.