न फुटलेल्या फटाक्याची बादली

अण्णा गेल्याचा त्यांच्या मुलाचा पंधरा-वीस दिवसांपूर्वी सकाळी फोन आला तेव्हा पेढे आठवून मला आधी हसूच आलं... मयताच्या बातमीवर हसतो म्हणून बायको डोळे वटारून बघत राहिली. पण गेल्यावरही हसवायची अण्णांची खोडच, त्याला मी काय करणार!

आमच्या तेरखेड्यात भीमाअण्णा फटाके बनवायचे आणि मी शाळेत विज्ञान शिकवायचो. रक्ताचा जुनाट कर्करोग निघाला तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांचा रिपोर्ट घेऊन ते माझ्याकडंच आले. नातीचं लग्न उन्हाळ्यात होतं आणि त्या लग्नातलं शोभेचं दारूकाम स्वतःच्या हातानं उडवायचं, एवढाच त्यांचा हट्ट. मी ऐटीत चष्मा चढवला. "अण्णा, तुमच्या पेशींत मरण अडवणारं प्रथिन लई वाढलंय." पुढचं सांगायच्या आतच ते हात जोडून उठले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर पेढे वाटून झाले होते. मरण अडवणारी चीज अंगातच निघाली, खुद्द मास्तरांनी सांगितलं! माझ्या घरीही पेढे आले. ते मी तसेच झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या फटाक्यांच्या शेडवर गेलो. "अण्णा, चूक माझी. ते तुमचं मरण अडवत नाही, बिघडलेल्या पेशींचं अडवतं. त्या वेळेवर मरत नाहीत, नुसत्या साचत जातात. म्हणून आजार चिवट आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांनी दाराजवळच्या पत्र्याच्या बादलीकडं बोट केलं. नव्या मालातले दोन-चार फटाके ते रोज उडवून बघायचे. जो फुटला नाही त्याच्यावर वाकायचं नाही, लांब काठीनं त्याला बादलीतल्या पाण्यात ढकलायचं, हा शेडचा पहिला नियम.

"म्हंजी न फुटलेला माल आत साचलाय व्हय? फुटलेल्याचं भ्या न्हाय मास्तर, न फुटलेलाच घात करतो. बादली हाय का न्हाय, तेवढं सांगा."

होती. त्या प्रथिनाचाच अडसर काढणारी गोळी डॉक्टरांनी सुरू केली. अण्णांनी तिचं नाव बादलीच ठेवलं. "बादली घेतली का?" असं त्यांची बायको, आमच्या काकू, रोज ओसरीवरून ओरडायच्या. अण्णांचा रंग परतला, नातीचं लग्न झालं, आणि आजोबांच्या दारूकामातून नवरदेवाचा फेटा थोडक्यात वाचला! मी लहान पोरासारखा टाळ्या पिटत होतो. पुढं मात्र आजार त्या गोळीलाही दाद देईना. शेवटच्या भेटीत अण्णा म्हणाले, "पेढं वाया न्हाय गेलं, मास्तर." मी बाहेर येऊन रडलो.

दिवसकार्य झाल्यावर परवा शेडवर गेलो. मुलानं नव्या मालातले फटाके लावले. एक फुटला नाही. आणि मी, विज्ञानाचा शहाणा मास्तर, वात बघायला वाकलो... 'मास्तर, मागं!' म्हणून ओरडणारा माणूस नव्हता, तरी आपोआप मागं सरलो. काठी घेतली, फटाका बादलीत ढकलला. बादली काठोकाठ भरलेली. ती रोज सकाळी अण्णाच भरायचे.

"आता कोण भरतं रे?"

"आई," मुलगा म्हणाला. "उठली की आधी हीच बादली भरती."