अर्धा अंश

शरदचंद्र गुप्ते वर्गात शिरायचे ते नटासारखे. दारात क्षणभर थांबायचे, चष्म्याच्या वरून मागच्या बाकापर्यंत नजर फिरवायचे आणि मग पहिलं वाक्य असं टाकायचे की खिडकीबाहेर बघणारा पोरगाही मान वळवायचा. उल्हासनगरच्या त्या कॉलेजात फिजिक्सचे मास्तर पुष्कळ होते. पण शनिवारी तास संपल्यावर, परीक्षेत एक मार्कही न देणाऱ्या विषयासाठी पोरं थांबवून दाखवणारे हे एकटेच.

विषय होता केऑस. साल त्र्याण्णव. पुस्तक सरांनी स्वतःच्या पैशांनी मुंबईहून आणलं होतं आणि त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालून ते बदलापूर ते उल्हासनगर पिशवीतून वागवत होते.

"केऑससाठी पुस्तक कशाला, सर?" चंदर म्हणाला. त्याच्या बापाचं कॅम्प नंबर दोनमध्ये कॅल्क्युलेटर-घड्याळांचं दुकान. "संध्याकाळी आमच्या चौकात या. फुकट दाखवतो."

"तुझ्या चौकात गोंधळ आहे, चंदर. गोंधळाला नियम नसतो. हा प्रकार नियमानं चालतो, अगदी काटेकोर, आणि तरी हातातून निसटतो. दूध तापताना बघितलंस कधी? पाच मिनिटं पातेलं साधूसारखं शांत. आणि पापणी लवते तोवर ओट्यावर! जाळ तोच, दूध तेच."

मग त्यांनी दोन कॅल्क्युलेटर टेबलावर ठेवले. एक त्यांचा जपानी, दहा आकड्यांचा. दुसरा चंदरचा, उल्हासनगरातच जोडलेला, आठ आकड्यांचा. एक संख्या घ्यायची, शून्य पूर्णांक तीन. एकातून ती वजा करायची, उरेल त्यानं तिलाच गुणायचं, वर चारानं गुणायचं. येईल ते उत्तर पुन्हा त्याच घाण्यात घालायचं. दोन मुलं दोन यंत्रांवर बसली, तिसरा फळ्यावर दोन रकाने लिहीत गेला. दहाव्या फेरीपर्यंत रकाने जुळे भाऊ. पंधराव्याला शेवटचे आकडे डळमळले. सत्ताविसाव्याला दोघांची ओळखदेख उरली नाही.

"अपना माल है, सर!" चंदरनं हात जोडले. "वॉरंटी दुकान की सीढी तक!"

वर्ग फुटला. सरही हसले. मग त्यांनी जपानी यंत्र उचललं आणि त्याच्यावरच दोनदा तेच केलं. एकदा शून्य पूर्णांक तीनपासून, एकदा त्या तीनच्या पुढे पाच शून्यं आणि एक टाकून. पुन्हा तेच झालं.

"माल कुणाचाही असो," ते म्हणाले, "सुरुवातीला आपण जेवढं छाटतो, तेवढं पुढे वाढत वाढत आपल्यासमोर उभं राहतं."

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. मीनल किसन रोकडे, दुसरं वर्ष, अंबरनाथहून येणारी. वर्गात कधी न बोलणारी.

"सर, सुरुवातीचा आकडा एकानं छाटला आणि बटणं दुसऱ्यानं दाबली. शेवटी उत्तर चुकलं तर चूक कुणाची?"

सरांनी खडू ठेवला. हातरुमाल काढला, बोटं पुसली, रुमालाची घडी केली. नेहमीच्या सवयीप्रमाणे काही चमकदार बोलतील म्हणून पोरं वाट बघत होती. सर म्हणाले, "पुढच्या शनिवारी," आणि पिशवी उचलून निघून गेले.

ते नाव त्यांनी जूनमध्ये हजेरी घेतानाच ओळखलं होतं.

मास्तर होण्याआधी गुप्ते अंबरनाथच्या एका रंगद्रव्याच्या कारखान्यात शिफ्ट इन-चार्ज होते. लोक साहेब म्हणत. किसन रोकडे त्यांचा ऑपरेटर. बुटका, सावकाश बोलणारा, कामाला चोख. रिॲक्टरमध्ये आम्ल हळूहळू सोडायचं, त्यातून उष्णता निघणार आणि भोवतीच्या जॅकेटमधून फिरणारं, जांभूळच्या पाणीयोजनेतून येणारं पाणी ती ओढून नेणार, असं काम. पाणी थंड असेल तोवर सगळं सुरळीत. पण उष्णता साठली की रसायन आणखी वेगानं पेटतं आणि वेगानं पेटलं की आणखी उष्णता. म्हणून दर अर्ध्या तासाला पाण्याचं तापमान रजिस्टरमध्ये लिहायचं.

ब्याऐंशीच्या एप्रिलात, दुपारी दोनच्या सुमाराला किसन केबिनच्या दारात आला होता.

"साहेब, पाणी एकतीसच्या वर चढलंय. बत्तीस न्हाई अजून. मधीच हाय. किती लिहू?"

"एकतीस लिही."

"वर हाय पन, साहेब. बॅच थोडी थांबवू का?"

"अरे, रजिस्टर आहे ते, सोनाराचा काटा नाही. एकतीस लिही आणि चालू ठेव."

तीन वाजायच्या आत रिॲक्टरचं झाकण छत फोडून गेलं. बाकीचे जेवायच्या सुट्टीत बाहेर होते. किसन आत होता.

चौकशी समितीत तिघे होते, हिशेब जाणणारे एकटे गुप्ते. त्यांनी रजिस्टर पुढ्यात घेतलं, एकतीस अंश धरून तीनदा गणित केलं, आणि तिन्ही वेळा उत्तर आलं की या पाण्यावर बॅच उसळणं शक्य नाही. यंत्र ठीक, पाणी ठीक, उरला माणूस. त्यांनी लिहिलं, 'ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे.' खाली सही. दाराशी झालेलं ते बोलणं त्यांनी समितीला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ते सांगण्यासारखं आहे, हेच त्यांना वाटलं नाही. तीन वर्षांनी त्यांनी कारखाना सोडला. कारण विचारलं की म्हणत, तब्येत.

त्या शनिवारनंतरच्या रविवारी सकाळी ते बदलापूरच्या घरी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले. जुनं गणित त्यांना पाठ होतं. एकतीसच्या जागी फक्त एकतीस पूर्णांक पाच घातलं आणि मिनिटामिनिटानं पुढे गेले. हा काही पुस्तकातला खरा केऑस नव्हे, हे त्यांना कळत होतं. पण घराणं तेच. चाळिसाव्या मिनिटापर्यंत दोन्ही रकाने एकमेकांना धरून चालले. पन्नासाव्याला नवा रकाना थोडा वर सरकला. पुढच्या चार ओळींत तो कागदाबाहेर गेला.

मालिनीबाई भाजीची परडी घेऊन टेबलाशी आल्या.

"अहो, उठता का? मला वाटाणे सोलायचेत." मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

"अर्धा अंश," ते म्हणाले. "मालिनी, तो मला विचारायला आला होता. मी त्याला अर्धा अंश लिहू दिला नाही. आणि नंतर त्याच कागदावरून त्याला दोषी ठरवलं."

मालिनीबाई खुर्चीत बसल्या. "अकरा वर्षं झाली. आता कुणाला सांगणार?"

"त्याची मुलगी माझ्या वर्गात आहे."

मालिनीबाईंनी कागदांवरून एकदा नजर फिरवली. मग परडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "मग माझ्यापुढे काय बसलात?"

सोमवारी प्रॅक्टिकल संपल्यावर त्यांनी मीनलला थांबवलं. ती लोलक पेटीत ठेवत होती. सरांनी पिशवीतून घडी केलेले कागद काढले.

"मीनल, तुझ्या वडिलांच्या चौकशीत..."

"मला माहितीय, सर."

"कधीपासून?"

"ॲडमिशन घेतली तेव्हापासून. तुमच्या सहीचा कागद आईच्या ट्रंकेत आहे. लहानपणी त्याच्यावरून मी तुमची सही गिरवायचे." तिनं पेटी बंद केली. "मला तुम्हाला एकदा बघायचं होतं. कसा असेल माणूस, म्हणून. तुम्ही वाईट शिकवलं असतं ना, तर सोपं गेलं असतं."

सरांनी तिला कागद दाखवले. तिनं दोन्ही रकाने बोट ठेवून वाचले, एक बेरीज स्वतः करून पाहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं. ती रडली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

"गणित बरोबर आहे," ती म्हणाली. "पण हे मला काय सांगता? आईला सांगा."

गयाबाई अंबरनाथला कारखान्यामागच्या चाळीत राहत. उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे यायचे, त्यांचे लोंबते धागे कापून परत पाठवायचे, हे त्यांचं काम. सर गेले तेव्हा त्या पँटींच्या ढिगात बसल्या होत्या. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या शेजारी किसनची, कारखान्याच्या ओळखपत्रावरून मोठी केलेली. मीनलनं खुर्ची दिली. सर उभेच राहिले.

त्यांनी सांगितलं. दाराशी झालेलं बोलणं सांगितलं, अर्धा अंश सांगितला, सही सांगितली. गयाबाईंची कात्री चालूच होती.

"थांबवू का म्हनले व्हते, ते?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"हो."

"आनि तुमी न्हाई म्हनालात."

"हो."

कात्री थांबली. "झोपला व्हता म्हनले, साहेब. कुनी म्हनलं, पिऊन गेलता. माझा मानूस पीत नव्हता. नळावर भांडान झालं की बाया म्हनायच्या, हिच्या नवऱ्यानं कारखाना उडवला. ही पोरगी साळंतनं रडत यायची. अकरा वर्सं. मलाबी कदी कदी वाटायचं, लागला आसंल डोळा. माझ्याच मानसावर मी संशय घेतला."

"मी कंपनीला पत्र लिहितो. लेबर ऑफिसला लिहितो."

"कंपनी इकली त्यांनी. गेटाला कुलूप हाय. कुलपाला वाचून दावनार?"

सरांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला होता, तो तिथेच राहिला.

"लिवा," गयाबाई म्हणाल्या. "हितंच लिवा. सई करा."

मीनलनं वहीचा कागद फाडून दिला. सरांनी लिहिलं. सात ओळी झाल्या. 'निष्काळजीपणा माझा होता' ही शेवटची. मीनलनं आईला वाचून दाखवलं. गयाबाईंनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि सरांना परत दिला.

"आता चला. चाळीत वाचा. दारोदार."

"आई," मीनल म्हणाली.

"का? झोपला व्हता, हे दारोदारच फिरलं ना?"

पहिलं दार धर्मराजचं. किसनच्याच शिफ्टचा ऑपरेटर, आता दम्यानं खाटेला खिळलेला. सरांना त्यानं आवाजावरून ओळखलं आणि उठून बसायची धडपड केली. सरांनी उभ्याउभ्या वाचलं. रंगमंचावरच्यासारखा तो भरदार आवाज तिसऱ्या ओळीला फाटला.

धर्मराज खोकत राहिला. मग म्हणाला, "आमाला काय ठावं, साहेब? किसन चोख व्हता, ते आमाला म्हाईत व्हतं. पन कागदावर तुमची सई. सायबानं लिवलं म्हंजी खरंच आसंल, आसं धरलं." तो गयाबाईंकडे वळला. "वैनी, मीबी बोललो व्हतो. चार लोकांत."

"म्हाईत हाय," गयाबाई म्हणाल्या, आणि पुढे निघाल्या.

दुसऱ्या दाराला कुलूप होतं. तिथली माणसं खोली विकून केव्हाच बदलापूरला गेली होती. तिसऱ्या दारात एक कोवळी बाई कडेवर मूल घेऊन आली. नवीन लग्न होऊन आलेली, परभणीकडची. परक्या माणसाला पाहून तिनं पदर सावरला.

"किसन रोकडे यांच्या मृत्यूबाबत," सरांनी सुरुवात केली.

"कोन किसन?" तिनं विचारलं.

सरांनी मागे वळून पाहिलं. चाळीत अजून चौदा दारं होती. त्यातल्या किती दारांआड किसनला ओळखणारं कुणी उरलं असेल, कोण जाणे.

"सांगा तिला," गयाबाई म्हणाल्या. "कोन ते आदी सांगा. मंग वाचा."

सरांनी कागद खाली घेतला. "किसन रोकडे," ते म्हणाले, "माझ्या हाताखाली नऊ वर्षं काम करत होते..."