चुडा भरणारे हात

नसरापूरच्या बाजारात बांगड्या भरणारे एक म्हातारे कासार बसत. नाव कधी विचारलं नाही. माझी बोटं आवळून ते काचेची बांगडी अशी चढवत, की दुखायचं नाही. यंदा लेकीच्या लग्नासाठी हिरवा चुडा भरायला गेले, तर तीन बांगड्या त्यांच्या हातात पिचल्या. लग्नाच्या चुड्याला हे बरं नव्हे.

"डॉक्टर म्हनतो आजार काय न्हाई, वय झालं," ते म्हणाले. "माप अजून डोळ्याला कळतं ताई, बोटांना कळत न्हाई."

बाकीच्या मीच चढवल्या. मग चुडा भरणाऱ्याच्या पाया पडायची रीत, म्हणून नमस्काराला वाकले. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"बांगड्या तुमीच भरल्या. पाया माज्या कशाला पडता?"