आक्का आली की

उरवड्याच्या एका कंपनीत मी पॅकिंगच्या लाइनला सुपरवायझर आहे. मागच्या वर्षी कंपनीत तपासणीचं शिबिर झालं आणि माझं बीपी वाढलेलं निघालं. पिरंगुटच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं आणि म्हणाल्या, "कधी जास्त, कधी अगदी बरं. असं चालायचं नाही. एक दिवस मशीन अंगावर बांधून घरी जा."

दंडाला पट्टा, कमरेला डबी. थोड्या थोड्या वेळानं पट्टा आपोआप फुगायचा, दंड आवळायचा आणि सुस्कारा टाकून सैल व्हायचा. त्या म्हणाल्या होत्या, "नेहमीसारखं वागा. फक्त कधी काय केलंत ते ध्यानात ठेवा."

रविवार होता. सकाळी नळावर शेजारणीशी जुंपली, ती आमची नेहमीचीच. दुपारी आक्का आली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होते आणि आक्का सातवीत होती. तिनं शाळा सोडली. मला न्हाऊ घातलं, विहारात वंदनेला धरून बसवलं, माझ्या वेण्या घातल्या. मी बारावी झाले ते तिच्यामुळे. लग्न होऊन ती लवळ्याला गेली आणि पुढं तिथंच कॉलेजच्या पोरापोरींसाठी मेस चालवायला लागली. मेसला रविवारी दुपारनंतर सुट्टी, तेव्हा ती माझ्याकडे यायची.

"काय गं ह्ये दंडाला?" दारातूनच तिनं विचारलं.

"बीपीचं मशीन हाय. आजच्या दिवस बांधलंय."

"तुला कसलं आलंय बीपी? दिसभर खुर्चीत तर बसतीस."

मी खुर्चीत बसत नाही, आठ तास उभी असते. पण बोलले नाही. तिनं डबा उघडला. माझ्या आवडीच्या अळूवड्या होत्या. मी खायला लागले तशी ती घरभर फिरली. ओटा पुसला, डाळीचा डबा उघडून वास घेतला, "कीड लागल हिला," म्हणून उन्हात ठेवला. मग मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावायला घेतलं. तिची बोटं कानामागं फिरली की मला आजही झोप येते. डोळे मिटले, तेवढ्यात ती म्हणाली, "आईनं तुला माझ्या पदरात टाकली. न्हाईतर मीबी आज तुझ्यावाणी गळ्यात कार्ड घालून फिरले असते."

पट्टा फुगायला लागला.

"लई आवळतंय का गं?" तिनं विचारलं आणि माझा दंड हळूहळू चोळून दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई मशीनमधले आकडे बघत म्हणाल्या, "दुपारी कुणाशी भांडलात का?"

"भांडण सकाळी झालं. शेजारणीशी."

"सकाळी तर फारसं काही दिसत नाही. हे दुपारचं बघा, किती वर गेलंय."

"दुपारी बहीण आली होती. पण ती भांडली नाही हो. तेल लावून दिलं तिनं मला."

हे सांगताना माझाच आवाज चिरकला. त्यांनी आकड्यांवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"शेजारीण काय बोलणार ते तुम्हाला ठाऊक असतं," त्या म्हणाल्या. "ती गेली की तुम्ही विसरता. पण जिच्याकडून माया मिळते आणि टोचूनही घ्यावं लागतं, तिच्यापुढे माणसाला धड सैल बसता येत नाही, धड दूरही सरता येत नाही. हृदयावर त्याचा ताण येतो. एका दिवसाच्या आकड्यांवरून मी छातीठोक सांगणार नाही. गोळी चालू करायचीच. पण बहिणीशी एकदा बोला."

बोलले. पुढच्या रविवारी चहा घेताना सांगितलं, "आक्का, तू आलीस की माझं बीपी वाढतंय. तुझं बोलनं लागतं मला."

तिनं कपबशी खाली ठेवली. "म्हंजी मी तुझ्या जिवावर उठलीया, व्हय?"

"तसं न्हाई गं."

"मग कसं?"

तिनं डबा उचलला आणि रस्त्याला लागली. मग आलीच नाही. फोन केला तर तिची सून उचलायची आणि, "आत्याबाई कामात हायेत," म्हणायची.

गोळीमुळे असेल किंवा रविवार मोकळे गेल्यामुळे असेल, माझं बीपी उतरलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मी मात्र रविवारी दुपारी दार उघडं टाकून बसायची. रिक्षा थांबल्याचा आवाज आला की उठायची. डाळीला खरंच कीड लागली, तेव्हा डबा मांडीवर घेऊन मी रडले. माझं घर कुणीतरी नावं ठेवत आवरावं, असं मला वाटत होतं. ती टोचायची तेही आता हवं होतं, कारण त्या हातांनी टोचणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सुट्टीला पिरंगुटला बस बदलून मी लवळ्याला गेले. आक्का मेसच्या मागच्या बाजूला मेथी निवडत होती. मला बघून तिनं जुडी बाजूला सारून जागा केली. मीही निवडायला बसले.

जुडी संपत आली तेव्हा ती म्हणाली, "मलाबी गोळी हाय. चार वर्सं झाली."

"मला सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? तुझ्याकडनं आले की माझंबी डोकं ठणकायचं. तू शिकलेली. मी बोलले की तू गप बसतीस. मला वाटायचं, हिला माझी लाज वाटती."

"लाज? आक्का, मी तुला भ्यायची."

"मला?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून हसली. हसता हसता डोळे पुसले. मी तिचा हात धरला, तिनं काढून घेतला नाही.

सगळं काही मिटलं असं म्हणणार नाही. त्याच संध्याकाळी तिनं माझ्या निवडलेल्या मेथीतून काड्या वेचून काढल्या आणि, "ह्येबी जमत न्हाई," म्हणाली. माझ्या छातीत धडधडलं. पण ह्या वेळी मी म्हटलं, "आक्का, लागलं हां मला."

तिचा हात थांबला. "बरं," ती म्हणाली. "न्हाई बोलत."

मग ती मला सोडायला थांब्यापर्यंत आली. पिरंगुटची बस समोर येऊन उभी राहिली. आम्ही दोघी बाकावर बसलेल्या होतो. मी उठले नाही, आणि तीही जा म्हणाली नाही. बस निघून गेली.