मराठीत परीक्षा घेणारा साहेब

कुणी आठचा आकडा काढला, अगदी कागदावर का असेना, की मला ती केस आठवते आणि हसू येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले कित्येक आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. एका टॅक्सीवाल्याच्या लायसनची ही केस मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. नावं कुणाचीच सांगणार नाही. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत, बाकीच्यांना करायचीत काय?

मी तेव्हा तेलंगणात, महाराष्ट्राला लागून असलेल्या वांकिडीकडच्या सीमेवर सर्कल इन्स्पेक्टर होतो. जिल्ह्याचे तुकडे झाले, ऑफिसांच्या पाट्या बदलल्या, पण आमच्या तोंडी अजून आदिलाबादच बसलंय. मी याच मातीतला. घरी मराठी, ठाण्यात तेलुगू, बाजारात हिंदी, असा माझा दिवस जायचा. रोज सकाळची हजेरी झाली की मी स्टँडजवळ चहा प्यायला जात असे, कारण ठाण्यात बसून जे कळत नाही ते चहाच्या टपरीवर कळतं. टपरीवाला माझा जुना खबऱ्या. एका सकाळी ग्लास पुढे करता करता तो हळूच म्हणाला, "साहेब, आपल्या टॅक्सीवाल्यायले नवे लायसन भेटून राह्यले. पेढे वाटले त्यायनं. पण आरटीओ ऑफिसात त कोणीच गेलतं नाई."

पेढ्यांचा वास आला की पोलिसाच्या नाकाला खाज सुटते. त्याच दिवशी मी महाराष्ट्राकडच्या रस्त्यावर नाका लावला.

पहिलीच गाडी सापडली ती मामांची. स्टँडवर लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. साठीकडे झुकलेला माणूस, पांढरा सदरा, खिशाला कंगवा. नाल्यापलीकडच्या गावांचं भाडं दुसरा कुणी घेत नसे, मामा घेत. तिकडच्या शाळेच्या मास्तरणी रोज त्यांच्याच गाडीतून जात. अपघात म्हणून कधी नव्हता. हेड कॉन्स्टेबलने मामांच्या कार्डाचा नंबर मशीनवर टाकला, तर तिथे भलत्याच गावच्या एका बाईचा फोटो आला.

"मामा, मिशा कधी उतरवल्या?" हेड कॉन्स्टेबल म्हणाला. मामा आधी हसले. मग मशीनकडे बघितलं आणि हात आपसूक मिशीवर गेला.

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बनावट दस्तऐवज जाणूनबुजून वापरणं हा गंभीर गुन्हा. तो सिद्ध झाला असता तर मामांना तुरुंग होता, आणि बाहेर आल्यावर त्या वयात त्यांच्या हातात पुन्हा स्टिअरिंग कुणी दिलं नसतं. मी त्यांना ठाण्यात समोर बसवलं आणि सरळ विचारलं, "कुणाकडून विकत घेतलं?"

"इकत नाई घेतलं जी. परीक्षा देल्ली."

"कुठे?"

"जिनिंगच्या मांगच्या मैदानात. आठचा आकडा काढला. एकबी खुंटी पडू देल्ली नाई."

आणि मान वर! पुढ्यात पोलीस बसलाय, आणि माणूस खुंटी पडली नाही याचा अभिमान सांगतोय. मी आयुष्यभर खोटारडे पाहिले. खोटारडा भलत्या ठिकाणी अभिमान बाळगत नाही, एवढं मला कळत होतं.

"परीक्षा घेणारा साहेब कसा होता?"

"खाकी सफारी, गळ्यात शिटी. लई चांगला मानूस."

"चांगला काऊन?" मीही बोलीवर आलो.

"मराठीत बोलला ना जी. आजवर ज्या ऑफिसात गेलो, तेथं 'अर्थं कालेदा?' म्हनून मले झापलं. समजलं नाई त म्हनूनच विचारतो ना बाप्पा! हा साहेब म्हने, मामा, आरामात काढा, घाबरू नका. मले त रडू आलं."

मग सगळा उलगडा झाला. मामांचं जुनं लायसन खरं होतं, पण मुदत केव्हाच संपलेली. त्यांना वाचता येते ती फक्त मराठी, आणि संगणकावरच्या परीक्षेचा त्यांनी धसका घेतलेला. स्टँडवरच्या बहुतेकांची तीच गत. तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला की तुमच्या गावात, तुमच्या बोलीत परीक्षा घेतो. कापसाचा हंगाम संपलेला, जिनिंग कारखान्याचं मैदान रिकामं. तिथे खुंट्या रोवल्या, फी गोळा झाली, शिटी वाजली आणि सगळे रीतसर पास झाले. ओळखपत्र मागावं हे कुणाच्या मनातही आलं नाही. आपल्या बोलीत बोलणारा साहेब म्हणजे त्यांना देवच भेटला होता. खरं सांगतो, दरोडेखोराचा आला नसेल इतका मला त्या माणसाचा राग आला.

पण त्याला धरायचा कसा? फोन बंद, सिम मेलेल्या माणसाच्या नावावर. चेहरा विचारला तर जो तो सांगे, सफारी आणि शिटी.

दुपारी ठाण्यासमोर एक मिरवणूकच आली. स्टँडवरचे सगळे टॅक्सीवाले एका रांगेत, पायी, माना खाली. गावातली माणसं दुकानांतून बाहेर येऊन बघत होती, कारण या लोकांना पायी चालताना कुणी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांत पुढे वकीलबाई.

वकीलबाईंबद्दल सांगायला हवं. वय तिशीचं. बौद्धवाड्यातली मुलगी, आईबाप दुसऱ्यांच्या शेतात राबलेले, थोरला भाऊ शाळेत मास्तर, आणि ही गावातली पहिली वकील. कोर्ट नसेल त्या दिवशी स्टँडवरच्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून टॅक्सीवाल्यांचे परमिट, विमा, लायसन बघून देई. आवाज असा खणखणीत की पलीकडच्या बसमधले उतारूही कायदा शिकून जात.

"सगळे पायी कसे, मॅडम?" मी विचारलं.

"लायसन खोटं निघालं सर, मग गाडी कशी चालवतील?" असं म्हणून बाईंनी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. सगळ्यांच्या गाड्यांच्या चाव्या. वकील आपल्या अशिलांना पळवाटा दाखवताना मी पुष्कळ पाहिले होते. असं रांगेत ठाण्यात आणून उभं करणारी ही पहिलीच.

मामा नाक्यावर सापडल्याचं कळताच त्याच भामट्याने सगळ्यांना फोन केला होता, की कार्ड नदीत फेका आणि तोंड बंद ठेवा; मग स्वतःचा फोन बंद केला होता. दोघं जण पुलापर्यंत पोचलेही होते. बाईंनी स्कूटीवरून जाऊन त्यांना परत आणलं. आता व्हरांड्यात त्यांची शाळा सुरू झाली, आणि मी आतून ऐकत होतो.

"कार्ड नदीत फेकून पाप धुतलं जाते काय? कार्ड फेकलं की तुमी चोर. कार्ड घेऊन सोताहून ठाण्यात आले की तुमी फसलेले. लायसन नसताना गाडी चालवली, त्याचा दंड बसन. तो गुमान भरा, तेथं मी काई करू शकत नाई. पण जे केलं नाई ते कबूल करू नका. अन् साहेबांनी विचारलं त डोळ्यांनी पाह्यलं तेवढंच सांगा, वरून मीठमसाला नको."

साक्षीदाराला यापेक्षा नीट मलाही समजावता आलं नसतं. मी जबाब लिहिणाऱ्या रायटरला म्हणालो, "ऐक, शिकून घे."

मग बाई आत आल्या. "सर, चेहरा विचारून काही हाती लागणार नाही. मामांना करून दाखवू द्या."

कल्पना मला पटली. आवारात विटा मांडून खुंट्या केल्या, ठाण्याची जीप उभी केली. मामा हौसेने चावी घ्यायला निघाले, तर बाई कडाडल्या, "गाडी सुरू करायची नाई मामा, लायसन कुठं हाय?" पोलीस ठाण्याच्या आवारात पोलिसांसमोर कायद्याची आठवण करून देणारी बाई! मी चावी खिशात घातली.

मामा साहेब झाले. तोंडाने शिटी वाजवली, हातावर खोटं खोटं लिहिलं, एका होमगार्डला 'आरामात काढा' म्हणून धीर दिला. मग म्हणाले, "रिव्हर्स कसा घ्याचा, ते त्यानं सोता बसून दाखवलं." ते जीपकडे गेले, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला, आत बसले आणि हात बाहेर काढून दाराला दोनदा थोपटलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे तुमचं की त्याचं?"

"हे थोपटनं मायं नाई, त्याचं हाय. बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीकडले जीपवाले करते असं. मांगं लटकलेल्यायले सांगाचं, धरून बसा, गाडी निघाली."

"आणि स्टिअरिंगला नमस्कार?"

"तो त आमी सगळेच करतो. त्यानंबी केला." मामांचा हात तसाच हवेत राहिला. "आँ! पण साहेब काऊन करन नमस्कार? साहेब लोक त बूट आपटत बसते!"

आवारातल्या पोलिसांत एकच हशा पिकला. मामांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवशी मैदानावर सगळ्यांनी तो नमस्कार पाहिला होता, आणि स्वतः रोज करतात म्हणून कुणालाच तो खटकला नव्हता. परीक्षा घेणारा साहेब नव्हता. त्यांच्यासारखाच ड्रायव्हर होता, तोही खाणीकडच्या जीपवरचा.

पण एकट्या मामांवर विसंबून भागत नाही. बाकीच्या टॅक्सीवाल्यांना त्यातलं काही दिसू नये म्हणून बाईंनी आधीच मागच्या खोलीत बसवलं होतं. मी एकेकाला बोलावून तेच करायला लावलं. एक जण विसरला. बाकीच्यांनी कुणी न सांगता दाराला दोनदा थोपटलं.

मी एक माणूस साध्या कपड्यांत बेल्लमपल्लीला पाठवला. तो तिथल्या जीपमधून कामगारांबरोबर फिरला, त्यांच्या क्वार्टरपाशी चहा प्यायला, गप्पा मारल्या. लवकरच एक नाव पुढे आलं. हा इसम मूळचा आमच्याकडचाच, मराठी बोलणारा. आधी खाणीकडे जीपवर होता, मग दुसऱ्या एका जिल्ह्यात कुण्या आरटीओ अधिकाऱ्याकडे भाड्याची गाडी चालवायचा आणि परीक्षेच्या मैदानावर तासन्‌तास उभा असायचा. त्या अधिकाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं, हे पुढे तपासात दिसलं. सगळी रीत याने नुसती बघून उचलली होती.

त्याला नोटीस देऊन बोलावलं. वकीलबाईंनी मला आधीच बजावलं होतं, "सर, त्या दिवशी माझा एकही माणूस ठाण्याकडे फिरकणार नाही. ओळख परेडच्या आधी त्यांनी त्याला पाहिलं तर कोर्टात तुमचीच केस पडेल." वकील असावा तर असा!

गडी मोठा वस्ताद. खूप विचारलं, पण ताकास तूर लागू देईना. "मी साधा ड्रायव्हर, सार," एवढंच पालुपद. मी चहा मागवला, पोराबाळांची विचारपूस केली, आणि शेवटी म्हणालो, "बरं, जाता जाता आमची जीप तेवढी मागे घेऊन द्या. आमचा ड्रायव्हर सुटीवर आहे."

तो सुटलो म्हणत हसत उठला. मी आणि रायटर व्हरांड्यात उभे. स्टिअरिंगला हात, हात कपाळाला, आणि बाहेरून दाराला दोनदा थोपटलं. जीपच्या मागे एक चिटपाखरूही लटकलेलं नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काय उगाच?

मी जीपजवळ गेलो आणि म्हणालो, "उतरा, साहेब."

'साहेब' ऐकलं मात्र, त्याचा चेहरा उतरला. घरझडतीत खुंट्या मिळाल्या, शिटी मिळाली, कोरी कार्डं मिळाली. मॅजिस्ट्रेटसमोर ओळख परेड झाली तेव्हा मामा रांगेकडे गेले आणि थेट त्याच्यापुढे उभे राहिले. नुसते बघत राहिले, आणि तो मान वर करीना. नंतर मला म्हणाले, "मराठीत बोलला नसता त येवढं लागलं नसतं साहेब."

मामा आणि बाकीचे आरोपी न होता साक्षीदार झाले. लायसनशिवाय गाडी चालवल्याचा दंड त्यांनी गुमान भरला. पण खरी परीक्षा अजून बाकी होती. मामांची गाडी दारात उभी, मास्तरणी नाल्यापलीकडे पायी जात होत्या. बाईंनी कडुनिंबाखाली वर्ग सुरू केला. कोळशाने भिंतीवर खुणा काढायच्या, आधी मराठीत समजवायचं, मग तेलुगू शब्द घोकून घ्यायचे. मामा मोठ्याने पाठ म्हणत आणि शाळेतून परतणारी पोरं त्यांना चिडवत. तरी शिकाऊ लायसनची परीक्षा मामा पास झाले.

लोक मला विचारतात, त्या केसने तुम्हाला काय शिकवलं? मी सांगतो, कायदा माणसाला त्याच्या बोलीत कुणीतरी समजावून द्यावा लागतो. चांगला माणूस गेला नाही तर भामटा जातो. आमच्या नशिबाने वकीलबाई होत्या. मी अनेक वरिष्ठांना सलाम ठोकले, पण मनातून केलेल्या सलामांत त्या बाईंचा नंबर फार वर आहे.

आठचा आकडा काढायच्या दिवशी मला काही काम नव्हतं, तरी मी मैदानावर गेलो. खरा आरटीओ इन्स्पेक्टर आला, कडक इस्त्रीचा, तेलुगू बोलणारा. त्याने मामांना गाडीकडे बोट दाखवून म्हटलं, "चलो, बैठो."

मामा बसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "साहब, गलत मत समझो. पहले आपका कार्ड दिखाओ."

मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात! बाईंकडे पाहिलं तर त्या पदराआड हसत होत्या. ही शिकवण त्यांचीच. मी इतकी वर्षं वर्दी घातली, माझं कार्ड कधी कुणी मागितलं नाही. माझा हात नकळत स्वतःच्या खिशाकडे गेला.

इन्स्पेक्टर क्षणभर मामांकडे रोखून बघत राहिला. मग त्याने गळ्यातून ओळखपत्र काढून पुढे केलं. मामांनी ते हात लांब करून धरलं, फोटो बघितला, चेहरा बघितला, पुन्हा फोटो बघितला. मग दोन्ही हातांनी परत दिलं.

"हां जी. अब बैठो," मामा म्हणाले. त्यांनी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि गाडी सुरू केली. खुंटी एकही पडली नाही.